जोडाच्या शेजारी

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या घरात ज्याचे त्याचे काम ठरलेले असते. बायकोच्या हाती चकलीचा सोऱ्या, मुलीच्या हाती रांगोळी, मुलाच्या हाती आकाशकंदिलाच्या कामट्या, आणि माझ्या वाट्याला कठडा. ओटीवरून अंगणात उतरणाऱ्या सहा जांभ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना लावलेला स्टीलचा कठडा. गोड्या पाण्याची बादली आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन मी त्याच्यापुढे बसतो आणि पुसू लागतो. मधल्या नळ्या मी सरसर पुसतो. पण जोड आला की हात आपोआप सावकाश होतो. जोड एकंदर बावीस आहेत.

तुम्ही म्हणाल, फराळाच्या ताटाशेजारी उघडायच्या अंकात हे कठड्याचे पुराण कशाला? खरे आहे. स्टीलच्या जोडावर मी कधी निबंध लिहीन असे कोणी पूर्वी सांगितले असते, तर मीही हसलो असतो. मी चित्रकलेचा मास्तर. दहावी झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला. पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकीत नायकाच्या मनाला मी गंजलेल्या कुलपाची उपमा दिली आहे, आणि ती सुचली त्या रात्री स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यालो आहे. गंज म्हणजे काय हे मात्र मला ठाऊक नव्हते. ते मला माझ्या एका नापास विद्यार्थ्याने शिकवले.

आमचे गाव मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. ओटीवर उभे राहिले की माडांच्या खोडांमधून समुद्र दिसतो. पाहुण्यांना त्याचे फार कौतुक. पण त्या वाऱ्याबरोबर घरात काय काय येते हे आम्हालाच माहीत. खिडकीचे गज, कडी-कोयंडे, सायकलची साखळी, देव्हाऱ्यामागचा खिळा, सगळ्यांना तो वारा चाटून जातो. लोखंड आमच्याकडे पाहुण्यासारखे राहते. चार पावसाळे काढते आणि निघून जाते.

म्हणूनच स्टील घरात आले तेव्हा आम्हाला ते देवाघरचे वाटले होते. त्याआधी आमची भांडी तांब्यापितळेची. दिवाळीपूर्वी ती चिंच आणि राख लावून घासायची, आणि वर्षाकाठी कल्हईवाल्याची वाट पाहायची. तो आला की अंगणात खड्डा खणून भाता लावी, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकी, कथलाची कांडी फिरवी, आणि कापसाच्या बोळ्याने एक हात असा मारी की काळवंडलेले पातेले आतून चांदीचे होई. मग मुंबईच्या मावशीने बोहारणीला जुन्या साड्या देऊन घेतलेला स्टीलचा पहिला डबा आमच्याकडे पाठवला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आईचे नाव घातलेले होते. त्या डब्याला ना चिंच लागली, ना कल्हई. हळूहळू कल्हईवाला यायचा बंद झाला. स्टील गंजत नाही, ही गोष्ट सूर्य पूर्वेला उगवतो तशी आमच्या घरात कायमची ठरून गेली.

२०२२ च्या श्रावणात आई पायरीवरून घसरली. हाड मोडले नाही, पण भीती बसली. ओटीच्या कडेला येऊन ती अंगणातल्या तुळशीकडे नुसती पाहत राही. दिवाळीपूर्वी कठडा हवाच, असे मी ठरवले. आणि स्टीलचाच, असेही ठरवले. तिघांकडून भाव काढले. त्यांत सर्वांत कमी भाव सांगणारा निघाला माझा जुना विद्यार्थी. त्याचे नाव मला पटकन आठवेना. नववीच्या हजेरीपटावर तो सत्ताविसावा होता, आणि वर्गात मी त्याला 'सत्तावीस' म्हणूनच हाक मारीत असे. दहावीची पायरी त्याने ओलांडली नाही. बाजाराच्या टोकाला त्याचे फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे हे मला माहीत होते. तिकडे पाय कधी वळले नव्हते, इतकेच.

तो येऊन माप घेऊन गेला. जाताना म्हणाला, "सर, समुद्र जवळ आहे. तीनशे सोळा घ्या."

"म्हणजे?"

"स्टीलचा नंबर. नेहमीचं तीनशे चार. सोळामध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या वाऱ्याला ते जास्त टिकतं. थोडं महाग पडेल."

मी हिशेबी मास्तर. म्हणालो, "चार आणि सोळा, बारा आकड्यांचा फरक. त्याला एवढे पैसे? तीनशे चारच लाव." वर शाळेच्या विज्ञान विभागातून लोहचुंबक मागून आणला आणि त्याने आणलेल्या नळीला लावून पाहिला. चिकटला नाही. माल अस्सल आहे अशी मान मी हलवली. तो काही बोलला नाही. पुढे कळले की मँगनीज घातलेल्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि काही चांगल्या जातींना चिकटतो. म्हणजे माझ्या परीक्षेत पास होणे किंवा नापास होणे या दोन्हींना काही अर्थ नव्हता. शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रसंग येतातच. पण ते इतके स्वच्छ सिद्ध होत नाहीत.

चार दिवसांत काम उभे राहिले. आर्गन वायूच्या झोताखाली निळा-पांढरा प्रकाश लखलखे, तो काचेआडून पाही, हात स्थिर. शेवटचा जोड झाला तेव्हा धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. मी जवळ जाऊन पाहिले, तर प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना रंगांच्या बारीक पट्ट्या उमटलेल्या. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. मोराच्या मानेवर दिसतात तसे. मी चित्रकलेचा माणूस, पाहतच राहिलो. आणि कठडा झाला. आई उतरून तुळशीपाशी गेली. पणतीच्या उजेडात ते बावीस जोड रत्ने जडवल्यासारखे दिसत होते.

पुढचा पावसाळा आला आणि गेला. २०२३ च्या दिवाळीपूर्वी फडके घेऊन बसलो, तर रत्नांच्या जागी तपकिरी डाग. नळी स्वच्छ, पण जोडाशेजारी दोन्ही बाजूंना चहा सांडून वाळल्यासारखी ओघळ. एक नव्हे, बावीसही जोडांना. आई ओटीवरून म्हणाली, "ह्येका काय झालां रे? स्टीलाक गंज लागना नाय म्हणतत मा?"

मला संताप आला. पैसे गेल्याचा होताच; पण त्याहून जास्त, आपण फसलो याचा. संध्याकाळी बाजारात तो चहाच्या टपरीपाशी उभा दिसला. चार माणसे भोवती होती. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "काय रे, शाळेत होतास तसाच राहिलास! एक काम धड नाही." त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. "बघून जातो, सर," एवढेच म्हणाला.

रविवारी सकाळी तो आला. आईने त्याला चहा दिला, आणि तो अंगणात गेल्यावर मला आत बोलावून हळूच म्हणाली, "त्येच्यार कित्याक रागावतंस? त्या दिवशी तो ते रंग काढूक निघालो होतो. तूच म्हटलंस, रवांदे, बरे दिसतत."

मी जागच्या जागी उभा राहिलो. सगळे आठवले. धनत्रयोदशीच्या त्या संध्याकाळी तो म्हणाला होता, "सर, अजून एक दिवस लागेल. हे रंग काढायला पाहिजेत. पेस्ट लावून धुवायचं." आणि मी म्हणालो होतो, "अरे, तेच तर सुंदर आहे त्यात! राहू दे. उद्या पहाटे अभ्यंगस्नान, आता कुठे पसारा काढतोस?" त्या एका दिवसाची मजुरी वाचल्याचे समाधानही झाले होते, हे आज लपवण्यात अर्थ नाही. टपरीपाशी चार माणसांत त्याला हे सांगता आले असते. त्याने सांगितले नाही.

अंगणात आलो तेव्हा तो कठड्यापाशी उकिडवा बसला होता. "सर, इथे नख फिरवा," म्हणाला. मी जोडावरून नख फिरवले. धातू वितळून पुन्हा गोठलेली ती बारीक वेणी स्वच्छ होती, भक्कम होती. डाग होता तो तिच्या अलीकडे-पलीकडे, काही मिलिमीटरांच्या पट्टीत. "जोडाला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. "लोक म्हणतात जोड गंजला. जोड गंजत नाही सहसा. त्याच्या शेजारचं गंजतं."

मग त्याने मला ते समजावले. पुढे मीही मुलाच्या मोबाइलवर आणि तालुक्याच्या वाचनालयात धुंडाळून वाचले. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

लोखंडात शंभर भागांत निदान साडेदहा भाग क्रोमियम मिसळले, की एक नवल घडते. हवेतला प्राणवायू आणि क्रोमियम मिळून पृष्ठभागावर एक पडदा धरतात. तो इतका पातळ, की माणसाच्या केसाच्या जाडीचे वीसएक हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. डोळ्यांना तो दिसत नाही. आपल्याला दिसते ती खालची चकाकी. पण तो पडदा आहे म्हणून पाणी आणि हवा आतल्या लोखंडापर्यंत पोचत नाही. घासणीने ओरखडा काढला, पडदा फाटला, तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. पितळेची कल्हई बाहेरून लावावी लागे. स्टीलची कल्हई त्याच्या पोटातच असते. आपल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये, म्हणजे त्या तीनशे चारमध्ये, सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. एवढी शिदोरी असल्यावर गंजाचे भय कसले?

भय आहे ते आगीचे. जोड करायचा म्हणजे धातू वितळवायचा. त्यासाठी उष्णता १४०० अंश सेल्सिअसच्या वर जावी लागते. जे वितळते ते पुन्हा गोठून एकजीव होते. पण त्याच्या शेजारची पट्टी वितळत नाही, नुसती होरपळते. तिथे हवेतला प्राणवायू एरवीपेक्षा कितीतरी जास्त जाड थर चढवतो, आणि त्यासाठी लागणारे क्रोमियम खालच्या धातूतून ओढून घेतो. वर थर जाड, पण विस्कळीत. खाली धातू क्रोमियमला मुकलेला. वरून सगळे झळझळीत, आतून शिदोरी संपलेली. खारा वारा अशीच जागा शोधत असतो.

"आणि ते रंग?" मी विचारले.

"तेच ते, सर. तो थर किती जाड झाला, त्यावर रंग. पिवळसर असला तर थर पातळ. जांभळा, निळा झाला, म्हणजे जास्त जाड. तिथे जास्त भाजलंय. रंग बघून कळतं मला कुठे हात जास्त वेळ थांबला."

म्हणजे ज्याला मी रंग समजत होतो तो रंगच नव्हता. त्यात ना कुंकू, ना हळद, ना नीळ. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाच्या डबक्यातल्या तेलाच्या थेंबावर प्रकाशाचा जो खेळ चालतो, तोच तिथे चालला होता. मी त्याला शोभा म्हणालो. तो त्याला जखमेचे माप म्हणत होता.

आणि तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली. ती आठवली नसती तर बरे झाले असते. नववीत मी 'आमच्या गावचा बाजार' असा विषय चित्राला दिला होता. सर्वांनी भाजीवाल्या काढल्या, फुगेवाले काढले. या मुलाने लोहाराचे दुकान काढले होते. त्याचा मामा लोहारकाम करी. लोहाराच्या हातातल्या सळईचे एक टोक त्याने लाल केले होते, आणि त्याच्याशेजारी निळा, जांभळा, तपकिरी, पिवळा असे पट्टे काढले होते. मी तो कागद वर्गाला उंच करून दाखवला आणि म्हणालो, "लोखंड कधी असं रंगीबेरंगी असतं का रे, सत्तावीस? तुला रंगांची जाण नाही." वर्ग हसला. मीही हसलो. त्या मुलाने पाहिलेले रंगवले होते; मी न पाहता गुण दिले होते.

मी त्याला म्हणालो, "तू एकदा लोहाराच्या दुकानाचं चित्र काढलं होतंस. आठवतं?"

"असेल, सर. मला नाही आठवत," तो म्हणाला, आणि पेटीतून ब्रश काढण्यासाठी वळला. त्याला आठवत होते, हे मला कळले. आणि मला कळले, हे त्यालाही कळले असावे.

पण तो काही संतपुरुष नव्हे, आणि मला त्याला तसा रंगवायचाही नाही. ब्रश काढून तो म्हणाला, "माझीही एक चूक आहे. त्या दिवशी घाईत मी साधा तारेचा ब्रश फिरवला. तो लोखंडी फाटकाच्या कामातला होता. त्याचे लोखंडाचे कण स्टीलवर बसतात आणि तेच आधी गंजतात. सगळा डाग तुमच्या रंगांचा नाही, सर. थोडा माझ्या ब्रशाचा." आता त्याच्याकडे स्टीलच्या कामाचा ब्रश वेगळा होता आणि त्याच्या मुठीला तांबडी चिंधी बांधलेली होती. आपल्याकडे देवाची भांडी वेगळी असतात, तसे.

मग त्याने पेस्टचा डबा उघडला. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अशी दोन आम्ले असतात. त्यांतले दुसरे फार वाईट. कातडीवर पडले तर लगेच दुखेलच असे नाही. ते आत शिरते आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरते, हाडापर्यंत पोचते. त्याने लांब हातमोजे घातले, तोंडावर पारदर्शक ढाल घेतली, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची नळी हाताशी पायरीवर ठेवली. मी पाहायला वाकलो, तशी त्याने मान वर न करता म्हटले, "सर, मागे व्हा."

मी मागे झालो. वीस वर्षे 'मागे बस' म्हणणाऱ्या माणसाला कोणी मागे व्हा म्हटले की कसे वाटते, ते त्या दिवशी समजले. खरे सांगू? बरे वाटले.

एकेका जोडाला पेस्ट लावायची, ठरलेला वेळ थांबायचे, नायलॉनच्या ब्रशाने घासायचे, भरपूर पाण्याने धुवायचे. धुतलेले पाणी त्याने झाडांत जाऊ दिले नाही. घमेल्यात धरून त्यात चुना कालवला, आम्ल मरावे म्हणून. संध्याकाळपर्यंत बावीसही जोड झाले. डाग गेले. पण मोरपिशी रंगही गेले, आणि आरशासारखी चकाकीही गेली. प्रत्येक जोडाशेजारी एक मंद राखाडी पट्टी राहिली. "बफ मारून चमकवू?" त्याने विचारले. मी नको म्हणालो. भाजलेला थर आणि त्याखालचा दुबळा धातू दोन्ही निघून गेले होते. खालचा सकस धातू उघडा पडला होता, आणि हवेने आपला पडदा पुन्हा धरला होता. ती पट्टी मला तशीच हवी होती.

पुढच्या आठवड्यात मी प्रथमच त्याच्या दुकानात गेलो. कोपऱ्यात जाड पत्र्याचा एक तुकडा पडला होता. कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातल्या जुन्या टाकीचा. त्यावर जोड शाबूत होता, आणि त्याला समांतर, थोड्या अंतरावर, पत्रा खडबडीत होऊन साखरेसारखा भुरभुरत होता. "हा वेगळा आजार," तो म्हणाला. "हा डोळ्यांना दिसत नाही."

हा आजार कार्बनचा. पोलादात तो थोडा तरी असतोच. स्टील सुमारे ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळले, की त्यातला कार्बन धातूच्या कणाकणांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमला धरतो. आणि तोही अधाशी, एकेका कार्बनमागे जवळजवळ चार क्रोमियम. सीमेलगतची जागा क्रोमियमला पारखी होते, आणि आम्ल नेमके त्या सीमांवरून आत शिरते. आमच्याकडे जुन्या जांभ्याच्या भिंतीत चिरे शाबूत राहतात आणि मधला चुना पावसाने धुऊन जातो, तसे. एके दिवशी भिंत बसते. जाड पत्रा सावकाश गार होतो, म्हणून जोडाशेजारची ठरावीक पट्टी त्या घातक उष्णतेत बराच वेळ राहते. आमच्या कठड्याची नळी पातळ. ती झटकन गार होते आणि या आजाराला सवडच मिळत नाही.

त्यावर उपाय तीन. संपूर्ण वस्तू १०५० अंशांच्या आसपास तापवून एकदम पाण्यात गार करायची, म्हणजे धरलेले क्रोमियम सुटते. पण टाकीएवढी वस्तू भट्टीत घालणार कशी? दुसरा, स्टीलमध्ये थोडे टायटॅनियम किंवा नायोबियम घालायचे. कार्बनला त्यांची ओढ जास्त. तो त्यांच्याशी गुंततो आणि क्रोमियम मोकळे राहते. लग्नघरात एक मामा असतो, जो भांडखोर पाहुण्याला ओटीवर घेऊन बसतो, त्याला पान लावून देतो आणि मांडवापासून दूर ठेवतो. टायटॅनियम म्हणजे तो मामा. तिसरा उपाय सर्वांत सरळ: कार्बनच कमी ठेवायचा. साध्या तीनशे चारमध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंत चालतो. 'तीनशे चार एल' म्हणतात त्यात ०.०३ च्या वर जाऊ देत नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस वितळलेल्या पोलादात आर्गन आणि प्राणवायू फुंकून कार्बन काढण्याची रीत कारखान्यांत आली, तेव्हापासून हे स्वस्त झाले. पाच शतांश टक्क्यांचा हा फरक. आणि मी चार आणि सोळा यांतला फरक बारा म्हणून मोकळा झालो होतो!

हे सगळे वाचताना मला इंग्लंडमधल्या शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली भेटला. १८७१ साली जन्मलेला, पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा मुलगा. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुऊ लागला. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून क्रोमियमचे पोलाद करून पाहताना १९१३ साली त्याला आढळले, की तुकड्यावर आम्ल नेहमीसारखे चालत नाही. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियमच्या जोडीला निकेल घातले होते. आपले स्वयंपाकघरातले स्टील त्या घराण्यातले. पण मला ओढ लागली ती बाटल्या धुणाऱ्या मुलाची. त्याच्याही शाळेत हजेरीपट असेल, आणि त्यावर त्याचाही काही क्रमांक असेल.

आता मी दर आठ दिवसांनी कठडा गोड्या पाण्याने धुतो. मीठ बसू द्यायचे नाही, अशी त्याची ताकीद आहे. डाग परत आलेले नाहीत. आई कठडा धरून उतरते, आणि उतरताना तिचा हात प्रत्येक मंद पट्टीवरून जातो. आम्हा दोघांतला जोड तसा जुनाच होता. गुरू-शिष्य म्हणा, गाववाले म्हणा. तो कधी तुटला नव्हता. पण त्याच्या शेजारी कुठे काय भाजले आहे, हे मी इतकी वर्षे पाहिले नव्हते. उलट त्यावरच्या रंगांवर खूश होतो.

त्या कामाचे त्याने पेस्टपुरतेच पैसे घेतले. म्हणून भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी तालुक्याला जाऊन स्टीलचा एक मोठा डबा घेतला, आणि भांड्यांवर नावे घालणाऱ्यापुढे ठेवला. त्याने सुईचे यंत्र हाती घेऊन विचारले, "काय नाव घालू?"

या वेळी मला ते आठवावे लागले नाही. पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. सुई टकटक करीत चालली. तिच्या टोकाखाली पडदा ठिपक्याठिपक्याने फाटत होता आणि मागे हवा लागून पुन्हा धरत होता. घरी आल्यावर आईने त्यात चकल्या भरल्या, वर करंज्या रचल्या, आणि झाकण लावण्याआधी नावावरून एकदा पदर फिरवला.